नव्या पेटीत जुने सूर

हार्मोनियमच्या दुकानात पेटी समोर आली की जाणकार माणूस आधी एकच गोष्ट विचारतो, "सूर कुठले?" लाकूड नवं सागवानी असेल, भाता कालच चिकटवलेला असेल, पट्ट्याही कोऱ्या असतील. पण आत बसवलेले सूर, म्हणजे हवेच्या झोतानं थरथरणाऱ्या त्या पितळी जिभा, जुन्या जर्मन बनावटीच्या असल्या तर पेटीचा भावही वेगळा आणि तिच्याकडे बघायची नजरही वेगळी. मग ती पेटी जुनी म्हणायची की नवी?

हाच प्रश्न गेलं वर्षभर माझ्या टेबलावर पसरलेला होता. सव्वा फूट लांब आणि पाऊण फूट रुंद असा एक कोरा हिरवा बोर्ड होता, अलीकडे छापलेला. शेजारच्या डब्यात चिपा होत्या, त्या मात्र १९७० च्या दशकातल्या. दोन्ही मिळून तयार होणार होती ॲपल-१ या संगणकाची प्रतिकृती. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा की आजच्या साध्या फोनपुढे किस झाडकी पत्ती असलेलं हे यंत्र पुन्हा बांधून काय मिळणार? आणि बांधायचंच असेल तर जुन्या चिपांचा हट्ट कशाला, नव्या का नकोत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता देता पहिल्याचं मिळतं. त्यासाठी या यंत्राच्या पोटात शिरायला हवं.

दोनशे बोर्डांची गोष्ट

ॲपल-१ चा आराखडा स्टीव्ह वॉझनियाक यांचा. कॅलिफोर्नियात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत नोकरी करत असताना त्यांनी तो फावल्या वेळात केला आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या क्लबात त्याच्या नकला फुकट वाटल्या. बोर्ड तयार करून विकायची कल्पना त्यांचे मित्र स्टीव्ह जॉब्स यांची. माउंटन व्ह्यू गावातल्या 'बाइट शॉप' या दुकानाचे मालक पॉल टेरेल यांनी प्रत्येकी ५०० डॉलरला ५० बोर्ड घ्यायची तयारी दाखवली आणि १९७६ मध्ये धंदा सुरू झाला. किरकोळ किंमत ठरली ६६६.६६ डॉलर.

एकूण सुमारे २०० बोर्ड बनले. ॲपल-२ हा पुढचा संगणक आल्यावर ॲपल कंपनीनं जुने बोर्ड बदल्यात परत घेतले आणि त्यातले बरेचसे नष्ट केले. त्यामुळे आज शिल्लक असलेले अस्सल बोर्ड शंभराहून कमी आहेत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयानं असा एक चालू बोर्ड ९,०५,००० डॉलरला घेतला.

ज्याला हे यंत्र हाताळून शिकायचं आहे, त्याच्यापुढे मग प्रतिकृतीशिवाय दुसरा रस्ता उरत नाही. सुदैवानं १९७६ च्या माहितीपुस्तिकेत संपूर्ण सर्किटचा नकाशा छापलेला होता. आत चालणारा छोटा प्रोग्रामही त्याच पुस्तिकेत ओळीनं छापला होता. विकत घेतलेलं यंत्र उघडून पाहण्याची मुभा गिऱ्हाइकाला कागदावर दिलेली होती. ही वृत्ती मला फार मोलाची वाटते, आणि आज प्रतिकृती बनू शकतात त्या तिच्याचमुळे.

एका बोर्डात दोन यंत्रं

नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी गोंधळलो होतो. बोर्डावर साठेक चिपा, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास चिपांचा प्रोसेसरशी थेट संबंधच नाही. असं का, तर ॲपल-१ ही मुळात दोन यंत्रं आहेत. एक आहे टर्मिनल, म्हणजे टाइप केलेली अक्षरं टीव्हीच्या पडद्यावर दाखवणारं यंत्र. दुसरा आहे खरा संगणक. वॉझनियाक यांनी टर्मिनल आधी बनवलं होतं, टेलिफोनवरून दूरच्या मोठ्या संगणकांशी बोलता यावं म्हणून. नंतर स्वस्त प्रोसेसर मिळू लागला तेव्हा त्यांनी त्याच टर्मिनलला संगणक जोडला.

हा स्वस्त प्रोसेसर म्हणजे एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीचा ६५०२. सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनाच्या वेळी तो २५ डॉलरला विकला गेला. इतर कंपन्यांचे प्रोसेसर तेव्हा याच्या कितीतरी पट महाग होते. अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टरांचा हा प्रोसेसर पुढे घरगुती संगणकांच्या एका अख्ख्या पिढीचा कणा ठरला.

दोन यंत्रांच्या मधे बसते ६८२० नावाची चिप. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मधे पूर्वी एक खिडकी असायची, तसं तिचं काम. कीबोर्डकडून अक्षर आलं की ते खिडकीत ठेवलं जातं आणि 'आलंय' अशी खूण वर होते. प्रोसेसर खूण पाहतो आणि अक्षर उचलतो. पडद्यावर काही लिहायचं असेल तर प्रोसेसर अक्षर दुसऱ्या बाजूनं ठेवतो आणि टर्मिनलनं ते घेतलं का, याची वाट पाहतो. ही वाट फार मोठी असते. का, ते कळायला टर्मिनलच्या स्मृतीकडे वळायला हवं, कारण या यंत्राचे जर्मन सूर तिथे आहेत.

हजार लोट्यांचं रहाटगाडगं

पडद्यावर ४० अक्षरांच्या २४ ओळी मावतात, म्हणजे ९६० अक्षरं. ती कुठेतरी साठवून ठेवायला हवीत, कारण टीव्हीला चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं द्यावं लागतं. आजचा संगणक त्यासाठी रॅम वापरतो. रॅम म्हणजे टपालाच्या खणांची भिंत. हवा त्या क्रमांकाचा खण कधीही उघडा. १९७५ च्या सुमारास अशी भिंत महाग होती. स्वस्त मिळायचं ते शिफ्ट रजिस्टर.

शिफ्ट रजिस्टर म्हणजे विहिरीवरचं रहाटगाडगं. माळेला ओळीनं लोटे बांधलेले. रहाट एक घर फिरला की प्रत्येक लोटा एक घर पुढे सरकतो. वर आलेला लोटा तेवढा तुमच्या हाताला लागतो, बाकीचे विहिरीत. मधला एखादा लोटा हवा असेल तर तो फिरून वर येईपर्यंत थांबायचं.

सिग्नेटिक्स कंपनीची २५०४ ही चिप म्हणजे १०२४ लोट्यांची अशी माळ आहे. प्रत्येक लोट्यात एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक. भरलेला लोटा एक, रिकामा लोटा शून्य. एक अक्षर सांगायला इथे सहा बिट लागतात, म्हणून सहा माळा शेजारी शेजारी, एकाच तालात फिरणाऱ्या. आणि कर्सर कुठे आहे हे लक्षात ठेवायला सातवी माळ. सात चिपांत अख्खा पडदा.

आता दोन मजेदार गोष्टी घडतात. पहिली अशी की हे लोटे गळके आहेत. बिट साठतो तो अतिसूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात, आणि तो भार सतत झिरपत असतो. रहाट फिरत राहिला तर प्रत्येक पावलाला लोटा पुन्हा भरून घेतला जातो. रहाट थांबला तर थोडक्या मिलिसेकंदांत सगळे लोटे रिकामे. त्यामुळे ही स्मृती जागच्या जागी धरून ठेवता येत नाही, ती चालती ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट वेगाची. नवं अक्षर लिहायचं तर कर्सरची जागा फिरून वर यायला हवी. पूर्ण फेरा होतो सेकंदाला ६० वेळा. म्हणून ॲपल-१ सेकंदाला ६० अक्षरं लिहितं, एकसष्टावं नाही. पूर्ण पडदा भरायला १६ सेकंद. तेवढ्यात प्रोसेसर खिडकीपाशी ताटकळत उभा. एका अक्षरामागे त्याच्या घड्याळाच्या सुमारे १६,००० टिकटिका वाया जातात.

जुन्या चिपांचा हट्ट का, याचं उत्तर इथे आहे. २५०४ चं काम करणारी नवी छोटी पट्टी आज बनवता येते आणि लोक ती बनवतातही. पडद्यावर फरक दिसणार नाही. पण पडद्यावर अक्षरं एका लयीत, संथपणे का उमटतात, हे विचारायची वेळ तुमच्यावर येणार नाही. खरी २५०४ बसवायची म्हटलं की तिचा ताल सांभाळावा लागतो. तिला टिकटिक द्यावी लागते ती ५ व्होल्टपासून उणे १२ व्होल्टपर्यंत जाणारी, म्हणजे तब्बल १७ व्होल्टचा झोका. तो देण्यासाठी वेगळी चालक चिप, आणि ती हात लावून पाहिली तर चांगलीच तापलेली. बोर्डाच्या या कोपऱ्यातली प्रत्येक विचित्र गोष्ट या सात माळांच्या सोयीसाठी आहे.

पदर विणावा तशी अक्षरं

माळेतून बाहेर पडतो तो सहा बिटांचा आकडा. त्याचं अक्षराच्या आकारात रूपांतर करते २५१३ ही चिप. तिच्यात ६४ आकार कायमचे कोरलेले आहेत. इंग्रजी मोठी अक्षरं, अंक आणि काही चिन्हं. प्रत्येक आकार पाच ठिपके रुंद आणि सात ठिपके उंच, ठिपक्यांच्या रांगोळीसारखा. आपल्या काना-मात्रा आणि जोडाक्षरांना या चौसष्ट खणांत जागा होणं शक्यच नव्हतं.

पण टीव्ही अक्षर एकदम काढत नाही. पैठणीचा पदर विणणारा कारागीर आधी एक मोर पूर्ण करून मग दुसऱ्याकडे वळत नाही. तो पदराच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक आडवा धागा टाकतो, त्यात सगळ्या मोरांच्या पायांची एकेक रेघ येते. मग वरचा धागा, मग त्याच्या वरचा. टीव्हीही तसाच, फक्त वरून खाली. पहिल्या रेषेत चाळीसही अक्षरांच्या माथ्याचे ठिपके, दुसऱ्या रेषेत त्याच्या खालचे, असं मधली मोकळी रेघ धरून आठ वेळा.

म्हणजे तीच ४० अक्षरं आठ वेळा लागणार. दर वेळी हजार लोट्यांचा रहाट फिरवणं परवडणारं नाही. म्हणून मधे आणखी एक छोटी माळ आहे, २५१९ नावाची, नेमकी ४० घरांची आणि सहा पदरी. मोठ्या माळेतून एक ओळ तिच्यात ओतून घ्यायची आणि तीच आठ वेळा गोल फिरवायची. मोठी माळ तोवर जराशी विसावते, पण लोटे गळून जाण्याआधी पुन्हा चालू लागते.

हे समजलं तेव्हा मी बराच वेळ नकाशासमोर नुसता बसून होतो. हातात असलेल्या स्वस्त वस्तूंचे दोष एकमेकांत असे बसवायचे की दोष दिसूच नयेत, हे मोठ्या कारागिराचं काम आहे.

चौकट : ॲपल-१ एका नजरेत

प्रोसेसर : ६५०२, घड्याळ सुमारे १.०२३ मेगाहर्ट्झ.
स्मृती : विक्रीच्या वेळी ४ किलोबाइट, बोर्डावर ८ पर्यंत जागा.
कायमचा प्रोग्राम : अवघा २५६ बाइटांचा.
पडदा : ४० अक्षरांच्या २४ ओळी, फक्त मोठी इंग्रजी अक्षरं.
प्रतिकृतीत मिळायला सर्वांत अवघड भाग : २५०४, २५१९ आणि २५१३.
सहज मिळणारे भाग : स्फटिक, रोधक आणि साध्या तर्क-चिपा.
सोबत न मिळणारं : कीबोर्ड, टीव्ही, ट्रान्सफॉर्मर आणि पेटी. हे सगळं ज्याचं त्यानं जमवायचं.

एकाच स्फटिकाचा ताल

बोर्डाच्या एका बाजूला चमकदार धातूच्या डबीत एक स्फटिक आहे, १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा. आकडा विचित्र आहे खरा, पण अमेरिकन रंगीत टीव्हीच्या मापाशी जुळणारे स्फटिक तेव्हा मुबलक आणि स्वस्त होते. या कंपनाला दोननं भागलं की पडद्यावरच्या एका ठिपक्याची वेळ मिळते. पाच ठिपके अक्षराचे आणि दोन मोकळे, म्हणजे सातनं आणखी भागलं की एका अक्षराची वेळ. तीच प्रोसेसरचीही टिकटिक. टीव्हीच्या एका रेषेत अशा ६५ टिकटिका बसतात. त्यातल्या ४० अक्षरांच्या, उरलेल्या कडेच्या मोकळ्या जागेच्या.

प्रोसेसरची स्वतःची रॅमही गळक्या लोट्यांचीच आहे, फक्त तिथे माळ नाही, खण आहेत. ते अधूनमधून भरून घ्यावे लागतात. म्हणून प्रत्येक ६५ टिकटिकांपैकी ४ वेळा प्रोसेसरला थांबवून रॅम ताजी केली जाते. त्यामुळे त्याचा खरा वेग भरतो ०.९६ मेगाहर्ट्झ. एकच ढोलकीवाला तमाशातल्या नाचालाही ठेका धरतो आणि वगालाही, तसा हा एक स्फटिक दोन्ही यंत्रांना धरून आहे.

स्फटिक नवा घेतला तरी काहीच बिघडत नाही. तो आजही त्याच मापाचा बनतो आणि तसाच वागतो. रोधकांचंही तेच. इथे जुन्यासाठी पैसे ओतणं मला पटत नाही.

जुनी चिप ओळखायची कशी

चिपेच्या पाठीवर नावाशेजारी बहुधा चार आकडे असतात. ७६१२ याचा अर्थ १९७६ सालचा बारावा आठवडा. ही तिची जन्मतारीख. सुरुवातीच्या ६५०२ मध्ये तर तारखेवरून स्वभावही कळतो. १९७६ च्या मध्यापूर्वीच्या चिपांत बिट उजवीकडे फिरवण्याची 'आरओआर' ही आज्ञा नव्हती, नंतरच्यांत आली.

६५०२ चा वंशज आजही नवा बनतो आणि विकत मिळतो. पण तो जुन्याच्या सॉकेटात सरळ खोचू नका. त्याच्या पहिल्या पायावर चिप बाहेरच्या जगाला एक संकेत देते. जुन्या ६५०२ चा पहिला पाय मात्र थेट जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडलेला असतो. जुन्या बोर्डात नवी चिप बसवली की तो संकेत जमिनीत गाडला जातो आणि चिपेला इजा होऊ शकते. चाळीस पाय, तोच आकार, जवळजवळ तीच आज्ञावली, आणि तरी अदलाबदल होत नाही.

जुन्या चिपांचे पाय काळे पडलेले असतात. त्यांच्यावर चांदीचा मुलामा असतो आणि घरातल्या चांदीच्या भांड्यांसारखा तो हवेतल्या गंधकानं काळवंडतो. साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवलं की पाय उजळतात. जोर लावला तर मात्र पाय तुटतो आणि तो परत जोडणं जिकिरीचं. ज्या काळ्या फोममध्ये पूर्वी चिपा खोचून ठेवत, तो फोमही आता भुसभुशीत होऊन पाय खातो. डबा उघडल्याबरोबर चिपा नव्या फोममध्ये हलवाव्यात.

आणि फसवणूक होते. मी एका विक्रेत्याकडून सात २५०४ मागवल्या. त्यातल्या एकीची पाठ जरा जास्तच काळीशार आणि छपाई जरा जास्तच पांढरी होती. कापसाला ॲसिटोन लावून पुसल्यावर छपाईही गेली आणि वरचा काळा थरही. खाली घासून काढलेल्या दुसऱ्याच नावाची पुसट सावली होती.

सीएटी लिहिलं, बीॲटटी आलं

उरलेल्या सहांपैकीही एक आतून मेलेली निघाली. ती कशी सापडली ते सांगतो, कारण त्यातून हे यंत्र कसं विचार करतं ते स्वच्छ दिसतं.

मी कीबोर्डवर इंग्रजीत 'कॅट' हा शब्द टाइप केला. सी, ए, टी. पडद्यावर आलं बी, मग ॲटचं चिन्ह, मग टी. टी बरोबर, पहिली दोन चूक. आधी कीबोर्डवरच संशय गेला. पण चूक दर वेळी हीच, आणि पडद्याच्या प्रत्येक कोपऱ्यात हीच.

या यंत्राच्या हिशेबात ॲटचं चिन्ह म्हणजे शून्य, ए म्हणजे १, बी २, सी ३, आणि टी २०. सीचा ३ झाला २. एचा १ झाला ०. टीचा २० तसाच राहिला. विषम आकडा एकानं कमी होत होता, सम जसाच्या तसा. आकड्याचा विषमपणा ठरवतो तो सर्वांत खालचा बिट, आणि तो बिट सहा माळांपैकी एकाच माळेत असतो. त्या माळेतले सगळे लोटे रिकामेच वर येत होते.

मेली होती एकच चिप, पण बिघाड झाला होता ९६० अक्षरांत, कारण प्रत्येक अक्षराचा सहावा हिस्सा तिच्याकडे होता. चिप बदलली आणि कॅट परत आलं. टेबलावर इतर कुठल्याही उपकरणाची गरज लागली नाही, फक्त बेरीज-वजाबाकी.

आधी वीज, मग चिपा

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळं जोडून एकदम बटण दाबणं. या बोर्डाला चार प्रकारची वीज लागते. अधिक ५, उणे ५, अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट. रॅमच्या चिपांना उणे ५ मिळाली नाही आणि बाकीची मिळाली, तर त्या कायमच्या जाऊ शकतात. म्हणून एकही चिप न बसवता आधी चारही व्होल्टेज मोजायची.

अस्सल बोर्डाची ओळख असलेले तीन मोठे निळे कपॅसिटर जुनेच मिळवायचा पुष्कळांचा आग्रह असतो. त्यांच्या आत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, दुधावरच्या सायीसारखा. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यानं ती साय विरत जाते. अशा कपॅसिटरला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो तापतो, फुगतो, फुटूही शकतो. मोठ्या रोधकातून, थोडं थोडं व्होल्टेज वाढवत, काही तास वीज दिली की साय पुन्हा धरते. आतला द्रवच सुकून गेलेला असेल तर उपाय नाही, नवा बसवावा. माझं मत विचाराल तर इथे नवा कपॅसिटरच बरा. दिसण्यासाठी धोका पत्करू नये.

भारतात आणखी दोन अडचणी येतात. मूळ ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतल्या ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेले, आपल्याकडे २३० आणि ५०. ते थेट लावायचे नाहीत. गावात ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर असेल तर त्याला बाहेर पडणारी दोन मापं सांगावीत : एक सुमारे ८ ते १० व्होल्ट ३ अँपिअर, दुसरं मधून फाटा काढलेलं २८ व्होल्ट १ अँपिअर. आणि पडदा. ॲपल-१ चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवतं, आपला दूरदर्शनच्या काळचा टीव्ही ५० वेळा घेणारा. चित्र वरखाली पळू लागतं. ज्यांनी त्या काळी 'व्हर्टिकल होल्ड'ची खुंटी पिळून चित्र थांबवलं असेल, त्यांचा हात आपोआप टीव्हीच्या मागे जाईल.

वीज ठीक असेल तर आधी टर्मिनलच्या चिपा बसवायच्या. दोन वेगळी यंत्रं असल्याचा फायदा इथे होतो. प्रोसेसरशिवायही टर्मिनल जिवंत होतं. पडदा अधोरेषांनी आणि ॲटच्या चिन्हांनी भरतो, त्यातली कित्येक लुकलुकत असतात. ते पाहिलं की निम्मं यंत्र जिंकलं. मग प्रोसेसर, रॅम, आणि दोन छोट्या प्रॉम.

या प्रॉममध्ये २५६ बाइटांचा कायमचा प्रोग्राम असतो, दोघींत अर्धा अर्धा. प्रॉम म्हणजे बारीक फ्यूजच्या तारांचं जाळं. जिथे तार तशीच ठेवली तिथे एक मूल्य, जिथे जाळली तिथे दुसरं. एकदा जळलेली तार परत जोडता येत नाही. १९७६ सालची कोरी प्रॉम मिळाली तर पुस्तिकेतला प्रोग्राम तिच्यात आज जाळता येतो. चिप तेव्हाची, मजकूर तेव्हाचा, जाळलेल्या तारा मात्र आजच्या. तिला जुनी म्हणावं की नवी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकरा बाइट

पडदा साफ करायची कळ दाबायची, मग रिसेट. पडद्यावर एक उलटी तिरपी रेघ येते आणि खाली ॲटचं चिन्ह लुकलुकू लागतं. यंत्र तयार आहे. यात विंडो नाही, मेन्यू नाही. तुम्ही सोळाच्या अंकपद्धतीत आकडे लिहायचे.

१९७६ च्या पुस्तिकेत तपासणीसाठी एक प्रोग्राम दिला आहे, अकरा बाइटांचा. त्याचा अर्थ मराठीत असा : शून्य धर. ते बाजूला टिपून ठेव. त्या क्रमांकाचं अक्षर पडद्यावर छाप. टिपलेला आकडा एकनं वाढव. तो परत हातात घे. पुन्हा टिपण्याच्या पायरीवर जा. संपलं. आकडे टाइप करायचे, मग आर आणि रिटर्न. पडद्यावर अक्षरांची न थांबणारी धार सुरू होते, सेकंदाला साठ, रहाटाच्या चालीनं.

माझ्या बोर्डावर ही धार पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी बराच वेळ ती बंद केली नाही. सात माळा फिरताहेत, गळके लोटे दर पावलाला भरताहेत, प्रोसेसर खिडकीपाशी थांबतोय, हे सगळं मला त्या अक्षरांमागे दिसत होतं.

प्रतिकृतीवर प्रतिकृती असं लिहावं

दोन गोष्टी मी स्वतःपुरत्या ठरवल्या आहेत. चालू असलेलं दुसरं जुनं यंत्र मोडून त्याच्या चिपा काढायच्या नाहीत. एका यंत्राच्या प्रतिकृतीसाठी दुसऱ्या अस्सल यंत्राचा बळी द्यायचा, हा व्यवहार चुकीचा आहे. २५०४ सारख्या चिपा त्या काळच्या इतर टर्मिनलांतही असत. बंद पडलेल्या, दुरुस्तीपलीकडच्या बोर्डांतून त्या काढाव्यात.

दुसरी गोष्ट, बोर्डाच्या मागच्या बाजूला पुसता न येणाऱ्या अक्षरांत प्रतिकृती असं लिहायचं आणि बनवल्याचं वर्षही टाकायचं. अस्सल बोर्डाला लाखो डॉलर मिळत असताना, जुन्या तारखांच्या चिपा आणि हुबेहूब बोर्ड यांतून खोटा अस्सल बनवायचा मोह कुणालाही होऊ शकतो. आपण नाही करणार, पण आपल्या माघारी बोर्ड कुणाच्या हातात जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या कार्यशाळेत, कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या माळ्यावर किंवा घरच्या अडगळीत एखादा जुना बोर्ड पडलेला असेल, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी त्यावरच्या चिपांचे आकडे भिंगातून वाचा. त्यात २५०४, २५१३ किंवा २५१९ दिसले, तर तो बोर्ड कोरड्या जागी, नव्या फोममध्ये ठेवा आणि अशी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कुणाला तरी कळवा.